चार माणसांची लिफ्ट

"पाटी तयार आहे. तुम्ही फक्त अडकवायची," साहेब म्हणाले.

मिस्त्रींनी पाटी हातात घेतली, उलटी करून पाहिली, पुन्हा सुलटी केली. पांढऱ्या पुठ्ठ्यावर लाल रंगात 'दुरुस्तीसाठी बंद' असं लिहिलं होतं. अक्षर मोठं वळणदार होतं. कुणीतरी निगुतीने काढलेलं दिसत होतं.

"कसली दुरुस्ती?" मिस्त्रींनी विचारलं.

"लिफ्टची."

"लिफ्टला काय झालंय?"

"काही झालेलं नाही. मी आत्ता तिच्यातूनच खाली आलो."

"मग?"

साहेबांनी इकडे तिकडे पाहिलं. ते पोलीस खात्यातले बरेच वरचे अधिकारी होते आणि एका लिफ्टवाल्याची समजूत घालायची वेळ आपल्यावर येईल असं त्यांना नोकरीत कधी वाटलं नसावं. "मिस्त्री, बुधवारपुरती पाटी लावा. पुढच्या बुधवारी पुन्हा लावा. मधल्या दिवसात चालवा हवी तेवढी."

"बुधवारी बाई येतात."

"तेच तर."

मिस्त्रींनी पाटी साहेबांच्या हातात परत दिली आणि हात पुसले, जणू पुठ्ठ्याला ग्रीस लागलं होतं. "साहेब, चालत्या लिफ्टवर बंदची पाटी मी आजवर लावली नाही. बंद पडलेल्या लिफ्टवरही लावायची वेळ माझ्यावर फारशी आलेली नाही."

यात बढाई होती, पण ती खरी होती. त्या रस्त्यावरच्या पाचसहा इमारतींच्या लिफ्ट मिस्त्रींकडे होत्या. त्यात ही सगळ्यात म्हातारी. आत लाकडी भिंती, पितळी बटणं, सरकती जाळी आणि 'चार माणसे' असं कोरलेला पत्रा. दुसऱ्या मजल्यावरच्या शिकवणीची पोरं ही जाळी चालत्या लिफ्टमध्ये बोटभर सरकवत. तेवढ्याने लिफ्ट आहे तिथे, दोन मजल्यांच्या मध्ये, अडकून उभी राहायची आणि पोरं खिदळायची. मिस्त्रींनी प्रत्येकाचा कान एकदा तरी पिरगाळला होता. "माझी लिफ्ट मध्ये थांबत नाही," असं ते दम देऊन सांगत. मुलीच्या लग्नाच्या दिवशीसुद्धा हा माणूस सकाळी गच्चीवर येऊन यंत्राला तेल घालून गेला होता. "लग्न माझ्याशी लागलं, संसार मात्र लिफ्टशी केला," असं त्यांची बायको येणाऱ्या जाणाऱ्याला सांगायची आणि मिस्त्री ते कौतुक समजायचे.

आता या लिफ्टमध्ये पोलिसांना इतका रस का, तर तिसऱ्या मजल्यामुळे. तिसऱ्या मजल्यावर एका परक्या देशाचा दूतावास होता. देश इतका लहान की नकाशावर शोधायला भिंग लागेल. पण दारावर पितळी पाटी होती, आत झेंडा होता, आणि कायदा असा की त्या दाराच्या आतली फरशी त्यांच्या हुकमातली. आपला पोलीस राजदूताच्या परवानगीशिवाय तिथे पाऊल टाकू शकत नाही. दाराबाहेरचा जिना, कठडा, लिफ्ट मात्र आपल्या सरकारची. निवडणुकीनंतर जो गोंधळ झाला त्यात मास्तर एका सकाळी या दारातून आत गेले आणि आश्रय मागून बसले. मास्तर म्हणजे आयुष्यभर शाळेत गणित शिकवून म्हातारपणी राजकारणात पडलेले विरोधी पक्षाचे पुढारी. निवडणूक आपण जिंकलो असं मास्तरांचं म्हणणं होतं, आणि मास्तरांनी देशाशी द्रोह केला असं सरकारचं म्हणणं होतं. उंबरठ्याबाहेर पाऊल पडलं की अटक. म्हणून दारासमोर रात्रंदिवस दोन पोलीस खुर्च्या टाकून बसलेले असत.

मास्तरांना भेटायला फक्त त्यांच्या बायकोला परवानगी होती, दर बुधवारी. तसा शब्द सरकारने दूतावासाला दिला होता आणि बाकीचे दूतावास तो पाळला जातो का, हे डोळ्यांत तेल घालून बघत होते. बाईंचे दोन्ही गुडघे गेलेले. काठी टेकत लिफ्टपर्यंत यायच्या तेवढीच त्यांची धाव. भेटी बंद केल्या तर सरकारची जगभर नाचक्की होणार. पण लिफ्टच बिघडली तर दोष कुणाचा? आणि बायको दिसेनाशी झाली की म्हातारा आपण होऊन बाहेर येईल, असा साहेबांच्या वरच्या साहेबांचा हिशेब होता.

"तुम्हाला बंद करायचीय ना," मिस्त्री म्हणाले, "मग खात्याच्या नावाने पाटी लावा. 'पोलिसांनी बंद केली आहे' असं लिहा. अक्षर तर झकासच आहे तुमच्याकडे."

साहेब हसले नाहीत. त्यांनी पाटी मिस्त्रींच्या हत्यारांच्या पेटीवर ठेवली. "वर खुर्चीवर बसतो तो उंच पोरगा तुमचा जावई ना?" त्यांनी विचारलं. "चांगला मुलगा आहे. सरहद्दीवरच्या चौकीला चांगल्या मुलांची फार गरज आहे."

एवढं बोलून ते निघून गेले.

संध्याकाळी मुलगी आली ती चप्पल काढायच्या आधीच बोलायला लागली. मागोमाग जावई, त्याच्या कडेवर झोपलेली नात.

"बाबा, एक पाटी! एका पाटीसाठी आमच्या संसारात बिब्बा घालताय तुम्ही. मला आत्ता कुठे इस्पितळात कायम केलंय. तिकडे चौकीवर काय आहे? शाळा नाही, दवाखाना नाही, वारा आणि दगड!"

"अगं, पण ती बिघडलेली नाही."

"तुमच्या लिफ्टला काय कळतंय पाटी लावली ते?"

"तिला नाही कळत. मला कळतं."

"आणि मी कळत नाही तुम्हाला?"

मिस्त्रींनी जावयाकडे पाहिलं. जावई भिंतीला टेकून पोरीला थोपटत होता. एरवी सासरे जावई एकमेकांची टर उडवण्यात पटाईत. "काय जावईबापू, आज किती तास खुर्ची राखली?" असं मिस्त्री विचारायचे आणि "मामा, खुर्ची राखायला अक्कल लागते, लिफ्टसारखं खालीवर नाही," असं तो म्हणायचा. आज तो एवढंच म्हणाला, "मामा, तुम्हाला पटेल ते करा. मी काही म्हणणार नाही."

त्याने काही म्हणायला हवं होतं, असं मिस्त्रींना वाटलं. भांडणाऱ्या माणसाला तोंड देता येतं.

बुधवारी सकाळी त्यांनी स्वतःशी एक तडजोड केली. गच्चीवर जाऊन मेन स्विच खाली ओढला. लिफ्ट तळमजल्यावर निमूट उभी राहिली. पाटी मात्र लावली नाही, पेटीखाली सरकवून ठेवली. बंद तर केली, पण बिघडली असं आपण कुणाला म्हटलेलं नाही, अशी त्यांनी मनाची समजूत घातली. दिवसभर गच्चीवरून खाली उतरायचंच नाही, म्हणजे कुणी विचारणार नाही आणि सांगावं लागणार नाही. यंत्राच्या खोलीत उलट्या बादलीवर बसून त्यांनी आधीच स्वच्छ असलेले नट पुन्हा पुसायला घेतले.

अकराच्या सुमारास लिफ्टच्या पोकळीतून बाईंचा आवाज वर आला.

"बंद आहे? शक्य नाही. मिस्त्रींना बोलवा. त्यांच्या हातची लिफ्ट बंद पडत नाही."

मिस्त्रींनी फडकं खाली टाकलं. शिव्या दिल्या असत्या तर ते बसून राहिले असते. त्या वाक्याने मात्र त्यांना बसवेना. ते उठले आणि जिना उतरायला लागले.

तिसऱ्या मजल्यावर दूतावासाचं दार उघडं होतं. मास्तर उंबरठ्याच्या आत, चपलांची टोकं लाकडाला लागतील इतके पुढे उभे होते. त्यांच्या बाजूला राजदूतबाई. या बाई आपली भाषा पुस्तकांतून शिकल्या होत्या आणि तशीच बोलायच्या. लिफ्टमध्ये पहिल्यांदा भेटल्या तेव्हा, "आपल्या उद्वाहकाची गती मला अत्यंत सुखद वाटते," असं म्हणाल्या होत्या आणि मिस्त्रींना उद्वाहक म्हणजे काय ते जावयाला विचारावं लागलं होतं. दारासमोर जावई आणि त्याचा जोडीदार उभे होते. कुणीच कुणाकडे बघत नव्हतं.

"अगं, आलीस का?" मास्तर कठड्याच्या दिशेने ओरडले. वर्गात मागच्या बाकापर्यंत पोचवायची सवय असलेला आवाज तो, सबंध जिन्यात घुमला.

"आले! खालीच आहे! लिफ्ट बंद आहे म्हणतायत!" खालून उत्तर आलं.

"मग चढू नकोस! गुडघ्यांचं बघ!"

"चढतेय कसली! तुम्ही गोळ्या घेताय का?"

"घेतो!"

"आणि साखर?"

"एखादा चमचा!"

"एखादा म्हणजे दोन! मला माहीत आहे!"

पहिल्या मजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरीणबाई हातमोजे घालूनच बाहेर आल्या. त्यांच्या मागे तोंडात कापूस धरलेला पेशंट. दुसऱ्या मजल्यावर शिकवणीची पोरं कठड्याला लोंबकळली. दोघं म्हातारे घरातल्या घरात बोलावं तसं तीन मजल्यांतून बोलत होते. मागच्या दाराची कडी बसवली का, लिंबाला पाणी कोण घालतं, मास्तरांचा राखाडी स्वेटर धुवायला टाकला तो आटला म्हणून बाईंनी तो शेजारच्या मुलाला देऊन टाकला. "माझा स्वेटर दिलास?" मास्तर इतक्या दुखावल्या सुरात ओरडले की पोरं हसली आणि मग मास्तरही हसले. त्यानंतर दोघांनाही काय बोलावं ते सुचेना. अशा वेळी एरवी ते नुसते एकमेकांशेजारी बसून राहत असणार. जिन्यातून ओरडणाऱ्या माणसांना गप्प बसायची सोय नसते.

"बरं मग!" खालून बाई म्हणाल्या. "येते मी!"

"थांब की जरा!" मास्तर म्हणाले. त्यांनी एक पाय उचलला होता. राजदूतबाईंनी पटकन त्यांचा दंड धरला. जावयाचा जोडीदार एक पाऊल पुढे आला. मास्तरांनी पाय पुन्हा आत ठेवला.

मिस्त्री उरलेले जिने उतरून खाली आले. बाई बाकावर काठीवर दोन्ही हात ठेवून बसल्या होत्या. बाजूला साहेब.

"मिस्त्री, काय बिघडलंय हो? किती वेळ लागेल?" बाईंनी सरळ विचारलं.

साहेब मिस्त्रींकडे बघत राहिले. मिस्त्रींना मुलगी आठवली, तिच्या चपला आठवल्या, पोरीला थोपटणारा जावई आठवला. हे सगळं आठवूनही तोंडून निघालं ते वेगळंच, आणि तेही खणखणीत.

"काही बिघडलेलं नाही, बाई. बंद करायला लावली म्हणून मी बंद केलीय. वर जाऊन स्विच ओढायचा अवकाश."

ते वाक्य वरपर्यंत, उघड्या दारात उभ्या असलेल्या राजदूतबाईंपर्यंत ऐकू गेलं असणार. कारण वरून त्यांचा स्वच्छ, पुस्तकी आवाज आला, "मी हे श्रवण केले आहे!"

मिस्त्री सगळे जिने पुन्हा चढले. स्विच ओढून, खाली येऊन, त्यांनी बाईंना आत घेतलं, जाळी ओढली आणि बटण दाबलं. तिसऱ्या मजल्यावर बाहेरचं दार जावयाने उघडलं. "सावकाश, आजी," असं म्हणत त्याने हात पुढे केला आणि बाईंना उंबरठ्यापर्यंत नेऊन सोडलं. मग तो परत आपल्या खुर्चीपाशी ताठ उभा राहिला. सासऱ्याकडे त्याने पाहिलं नाही. मिस्त्रींना त्याचा इतका अभिमान वाटला की तो कुठे ठेवावा ते कळेना.

पुढे व्हायचं ते झालं. राजदूतबाईंनी सरकारला कडक पत्र धाडलं. आणखी चार दूतावासांनी त्यांची री ओढली. सरकारने झाल्या प्रकाराला गैरसमज म्हटलं. मिस्त्रींना हात लावायची सोय राहिली नाही, कारण त्यांना काढलं असतं तर गैरसमज नव्हता हे सिद्ध झालं असतं. उलट, ही लिफ्ट खरोखर बिघडली तरी दोन देशांत जुंपायची, म्हणून साहेब रोज सकाळी येऊन विचारायला लागले, "काय मिस्त्री, तब्येत कशी आहे तिची?"

"ठणठणीत," मिस्त्री सांगायचे.

जावयाची बदली मात्र झाली. त्यात गैरसमज नव्हता. बसस्टँडवर मुलीने आईला मिठी मारली, सामान मोजलं, आणि बापाला म्हणाली, "येते." नातीने खिडकीतून हात हलवला. त्यानंतर फोन यायचा तो बायकोच्या नावाने. मिस्त्रींच्या हातात दिला की मुलगी "बरं आहे सगळं" म्हणायची आणि नातीकडे द्यायची. जावई बोलायचा, हसायचा, चौकीवर लिफ्ट नाही म्हणून चिडवायचा. मुलीचं ते तुटक बोलणं मिस्त्रींना फार लागलं होतं. पण पुन्हा तीच वेळ आली तर आपण काय करू, हे त्यांना ठाऊक होतं, आणि म्हणून मुलीची माफी मागायलाही त्यांची जीभ रेटत नव्हती.

मग एक दिवस तडजोड झाल्याचं कळलं. दोन देशांचा कुठलासा व्यापाराचा करार अडून बसला होता, त्यात मास्तरांचं प्रकरण एका कलमात निकालात निघालं. मास्तरांनी देश सोडायचा, बाईंनीही. परत यायचं नाही. दूतावासाच्या दारापासून विमानाच्या पायरीपर्यंत राजदूतबाईंचा हात मास्तरांच्या दंडावर असेल, आणि तो हात आहे तोवर कुणी त्यांना शिवायचं नाही.

त्या सकाळी मिस्त्री इस्त्रीचा शर्ट घालून आले. लिफ्टचं पितळ त्यांनी आदल्या दिवशीच घासून ठेवलं होतं. तिसऱ्या मजल्यावर पोलीस, अधिकारी, दूतावासाचे लोक यांची ही दाटी. मास्तर बाहेर आले. इतके महिने ज्या लाकडाला चपलांची टोकं लावून उभे राहिले, ते त्यांनी एका पावलात ओलांडलं. दंडावर राजदूतबाईंचा हात, दुसऱ्या बाजूला बाईंची काठी. तिघं लिफ्टमध्ये शिरले. मागून साहेब शिरायला लागले.

मिस्त्रींनी पत्र्यावर बोट ठेवलं. "चार माणसं, साहेब."

"अहो, मी बंदोबस्ताचा प्रमुख आहे!"

"तुम्ही प्रमुख आहात, पण पाचवे आहात. जिन्याने या, आम्ही खाली थांबतो."

साहेबांनी दात ओठ खाल्ले आणि धावत जिना उतरायला लागले. त्यांच्यामागे सगळा बंदोबस्त धडधडत निघाला. मिस्त्रींनी जाळी ओढून बटण दाबलं.

लिफ्ट हलली. बाईंनी पाहिलं की मिस्त्री त्यांच्याकडेच बघतायत. "तुमची मुलगी कुठे असते आता?" त्यांनी विचारलं. जावयाचं त्यांना कळलं होतं.

"फार लांब, बाई. सरहद्दीवर."

"अलीकडेच ना सरहद्दीच्या?"

"हो. अलीकडे."

"मग लांब कसलं ते? रविवारी बसमध्ये बसायचं की झालं. बोलत नसेल तर समोर जाऊन बसा. किती वेळ गप्प बसेल?"

मिस्त्रींनी मान हलवली. लिफ्ट दुसऱ्या मजल्यावरून खाली सरकली. जाळीपलीकडून पोकळीची भिंत वर वर जात होती, बिनगिलाव्याची, विटांची.

"जिन्याने उतरवतील असं वाटलं होतं मला," मास्तर भिंतीकडे बघत म्हणाले. कुणाला उद्देशून म्हणाले नाहीत. "तेवढंच चार पावलं जास्त पडली असती आपल्या जमिनीवर. खाली गाडी दारालाच लावलीय म्हणे."

मिस्त्रींनी हात पुढे केला आणि जाळी बोटभर सरकवली.

लिफ्ट हिसका देऊन दुसऱ्या आणि पहिल्या मजल्याच्या मध्ये उभी राहिली. राजदूतबाई दचकल्या, पण हात त्यांनी सोडला नाही. मिस्त्रींनी जाळी आणखी थोडी ओढली, माणसाचा हात जाईल इतकी. मास्तरांनी एकदा त्यांच्याकडे पाहिलं. मग फटीतून हात बाहेर काढला आणि तळवा विटांवर टेकवला. बाईंनी काठी राजदूतबाईंकडे दिली आणि आपलाही हात त्याच्या शेजारी ठेवला. मास्तरांचे खांदे हलायला लागले. आता इथे त्यांना गप्प राहायची सोय होती.

खालून साहेबांचा धापा टाकता आवाज आला. "मिस्त्री! काय झालं? का थांबली?"

मिस्त्रींनी दोघांकडे पाठ केली आणि भिंतींनाही खरं वाटेल अशा आवाजात ओरडून सांगितलं, "बिघाड झालाय, साहेब!"

"बिघाड? आज? किती वेळ लागेल?"

"मोठा बिघाड आहे! वेळ लागेल!"

"दुरुस्ती अत्यावश्यक दिसते," राजदूतबाई हळूच म्हणाल्या.

मिस्त्रींनी खिशातून पाना काढला आणि खालच्यांना ऐकू जाईल अशा बेताने ते जाळीच्या लोखंडावर ठोकत राहिले.